निर्वासितांच्या गरजा मोजायच्या कशा आणि मदतीचा मेळ घालायचा कोणी?

गेल्या अंकात निर्वासितांच्या छावण्यांवर लेख प्रसिद्ध झाल्यानंतर बरीच पत्रे आली. मदत पोहोचली पाहिजे याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते, पण त्याआधी चालणाऱ्या पाहण्या, बैठका आणि नोंदण्या यांविषयी अनेकांच्या मनात शंका होत्या. त्यांतील सहा प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. माझी बरीच वर्षे पाणी आणि स्वच्छतेच्या कामात गेली असल्यामुळे उदाहरणे त्या बाजूला थोडी झुकलेली आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

प्रश्न : सीमा ओलांडून आलेल्या माणसांना अन्न, पाणी, निवारा आणि औषधे हवी असतात, हे दूरचित्रवाणीवरची दृश्ये पाहणाऱ्या कोणालाही कळते. मग मदत संस्था आधी पाहण्या का करत बसतात? तेवढ्या वेळात आणि पैशांत माणसे वाचणार नाहीत का?
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : आपली तळमळ मला समजते, आणि पाहणीच्या नावाखाली मदत अडवून धरणे अक्षम्य आहे, असे मीही मानते. पण पहिल्या दिवसांत तसे करायचेच नसते. काही कामांना कोणत्याही पाहणीची गरज नसते. दाटीवाटीच्या छावणीत मुलांना गोवराची लस टोचणे, पाण्यात क्लोरीन घालणे, माणशी दिवसाला २,१०० किलोकॅलरी हा हिशेब धरून शिधा मागवणे ही कामे ठरलेल्या अंदाजांवर लगेच सुरू करता येतात. पाहणी लागते ती त्यापुढच्या प्रश्नासाठी : या ठिकाणी, या आठवड्यात माणसे नेमकी कशाने दगावत आहेत, आणि आपण अजून कोणापर्यंत पोहोचलेलोच नाही?

जुलै १९९४ मध्ये रवांडातील नरसंहारानंतर लाखो लोक अवघ्या काही दिवसांत सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमधील (आताच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील) गोमा शहराच्या परिसरात आले. पहिल्या महिन्यात त्यांतील सुमारे ५०,००० माणसे मरण पावली. जगाने जी छायाचित्रे पाहिली, त्यांत गर्दी, धूळ आणि भूक दिसत होती, परंतु बहुतेक मृत्यू कॉलरा आणि हगवणीने झाले होते. पहिल्या आठवड्यात शुद्ध केलेले पाणी माणशी दिवसाला सरासरी केवळ ०.२ लिटर, म्हणजे जेमतेम एक पेलाभर मिळत होते. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची असल्यामुळे शौचालयासाठी खड्डे खणणे अतिशय कठीण होते आणि पिण्यासाठी लोक किवू सरोवराकडे धाव घेत होते. हा ०.२ चा आकडा कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही. तो कोणीतरी पाण्याचे टँकर, टाक्या आणि माणसे मोजून काढावा लागतो, आणि तो हाती आला की पुढच्या विमानातून अन्नाची पोती आणायची की पाणी शुद्ध करण्याची यंत्रे, याचा निर्णय बदलतो.

म्हणूनच या क्षेत्रात मृत्यूचा दर हे पहिले माप मानले जाते. दर १०,००० लोकांमागे दिवसाला १ पेक्षा अधिक मृत्यू होत असतील, तर ती आणीबाणी समजतात. पाच वर्षांखालील मुलांसाठी ही मर्यादा २ आहे. गोमा येथे हा दर २० ते ३५ च्या दरम्यान गेला होता. त्या अनुभवानंतर १९९७ मध्ये मदत संस्थांनी एकत्र येऊन किमान मानके ठरवण्याचे काम हाती घेतले. ती आज 'स्फिअर मानके' म्हणून ओळखली जातात : माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, एका नळामागे फार तर २५० माणसे, राहण्यासाठी माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, आणि परिस्थिती स्थिरावल्यावर २० माणसांमागे एक शौचालय. हे आकडे कोरडे वाटतात खरे, पण त्यांतील प्रत्येकामागे कोठेतरी चुकलेले नियोजन आणि गेलेले जीव आहेत.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण १९७१ चे. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली, तेव्हा सीमेजवळच्या बनगाव येथे कॉलऱ्याचे रुग्ण जमिनीवर रांगेने पडलेले होते आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेथे खाटा किंवा डॉक्टर वाढण्याची वाट पाहिली नाही. शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार परत भरून काढणे ही खरी गरज आहे आणि तेवढे काम नातेवाईकही करू शकतात, हे त्यांनी ओळखले आणि मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते द्रावण मोठ्या पिंपांतून वाटायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. गरज अचूक ओळखणे म्हणजे काय, हे मला कोणी विचारले की मी बनगावची ती पिंपे सांगते.

प्रश्न : एकाच छावणीत सरकार, संयुक्त राष्ट्रांच्या अनेक शाखा आणि शेकडो स्वयंसेवी संस्था काम करतात. अखेरचा शब्द कोणाचा असतो?
— स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक वाचक

उत्तर : पहिली जबाबदारी आणि पहिला अधिकार आश्रय देणाऱ्या देशाच्या सरकारचा. सरकारच्या साथीने निर्वासितांसाठीच्या मदतीचे नेतृत्व संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्तालय करते. त्याची स्थापना आमसभेने डिसेंबर १९५० मध्ये केली आणि १९५१ चा निर्वासितविषयक करार हा त्याच्या कामाचा पाया आहे. येथे एक भेद लक्षात ठेवावा, कारण परीक्षेतच नव्हे तर वर्तमानपत्रांतही त्याची गल्लत होते. ज्यांनी आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली ते निर्वासित. जे आपल्याच देशात घरदार सोडून पळाले ते अंतर्गत विस्थापित. दुसऱ्या प्रकारात, तसेच भूकंप किंवा पुरासारख्या आपत्तीत, २००५ पासून 'क्लस्टर' पद्धत वापरतात. पाणी, आरोग्य, निवारा अशा प्रत्येक विषयासाठी एक संस्था जबाबदार धरली जाते आणि या सर्वांचा मेळ संयुक्त राष्ट्रांचे मानवतावादी समन्वय कार्यालय घालते. एकाच जिल्ह्यात निर्वासित आणि विस्थापित दोन्ही असले, की दोन व्यवस्था शेजारी शेजारी चालतात आणि स्थानिक अधिकाऱ्याला एकाच विषयाच्या दोन बैठकांना जावे लागते.

कागदावरचा आराखडा प्रत्यक्षात जसाच्या तसा उतरतोच असे नाही. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधील राखाइन प्रांतातून काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशच्या कॉक्स बाजार जिल्ह्यात आले. तेथे सरकारच्या वतीने निर्वासित मदत व प्रत्यावर्तन आयुक्त काम पाहत होते, परंतु आंतरराष्ट्रीय संस्थांच्या बाजूने सुरुवातीचे समन्वयाचे काम उच्चायुक्तालयाकडे नव्हे, तर आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेकडे होते. पुढे दोन्ही संस्थांनी नेतृत्व वाटून घेतले. त्या पहिल्या आठवड्यांत रस्त्याच्या कडेला ट्रकवरून कपडे आणि खाद्यपदार्थ फेकले जात होते आणि ते साहजिकच धडधाकट पुरुषांच्या हाती लागत होते. डोंगराच्या आत दोन तासांच्या चालीवर बसलेल्या बाळंतिणीला त्यांतील काही मिळत नव्हते.

'अखेरचा शब्द' कोणाचा, यापेक्षा मला एक साधा तक्ता अधिक महत्त्वाचा वाटतो. कोण, काय, कुठे आणि केव्हा करत आहे, एवढे चारच रकाने त्यात असतात, आणि प्रत्येक संस्थेने तो दर आठवड्याला प्रामाणिकपणे भरायचा असतो. तो न भरल्यास काय होते, तेही कॉक्स बाजारमध्ये दिसले. प्रत्येकाने घाईने उथळ शौचालये खणली, प्रत्येकाने उथळ कूपनलिका घेतल्या आणि आपापल्या अहवालात आकडे लिहिले. पाण्याचा स्रोत आणि शौचखड्डा यांत किमान ३० मीटर अंतर असावे, हा नियम सर्वांना ठाऊक होता, पण शेजारच्या संस्थेने कोठे खणले आहे, हे अनेकांना ठाऊक नव्हते. पुढे त्यांतील कित्येक शौचालये आणि कूपनलिका बंद कराव्या लागल्या. मदत अपुरी होती हे खरेच, पण जी होती तिचाही काही भाग असा मातीत गेला, याचे मला आजही वाईट वाटते.

प्रश्न : मी समाजकार्याची विद्यार्थिनी आहे. आमच्या गटाला एका छावणीत गरजांची पाहणी करायची आहे. आम्ही ८० प्रश्नांची प्रश्नावली तयार केली आहे. आणखी कशाची तयारी करावी?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : सर्वप्रथम ती प्रश्नावली बाजूला ठेवा आणि त्या छावणीत गेल्या सहा महिन्यांत कोणकोणत्या पाहण्या झाल्या, याची चौकशी करा. छावणीचे व्यवस्थापन, त्या त्या विषयाचा समन्वय गट आणि उच्चायुक्तालय यांच्याकडे बहुधा आपल्याला हव्या त्यातील निम्म्याहून अधिक माहिती आधीच असते. ती वाचल्यावर जी पोकळी उरेल तेवढ्यापुरतेच प्रश्न विचारा. एका छावणीत मी एका बाईंच्या झोपडीत पाहणीसाठी गेले होते, तेव्हा त्यांनी गादीखालून तीन संस्थांची तीन कागदी चिटोरी काढून माझ्यासमोर मांडली. तिघांनीही त्यांना घरात किती माणसे, किती भांडी, किती आजारी हे विचारले होते आणि तिघांपैकी कोणीही परत आले नव्हते. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी माझ्या प्रश्नांचीही उत्तरे दिली, आणि त्यामुळेच मला अधिक लाज वाटली.

प्रत्येक प्रश्नापुढे लिहा की या उत्तरावरून कोणता निर्णय बदलेल. ज्या प्रश्नापुढे काही लिहिता येत नाही, तो खोडून टाका. ८० पैकी १५ उरले तरी पुष्कळ झाले. पाहणीच्या सुरुवातीला स्पष्ट सांगा की आपण कोण आहात, ही माहिती कोणाला देणार आहात, आणि उत्तर दिल्याने शिधा वाढेल किंवा न दिल्याने कमी होईल, असे काही नाही. भुकेल्या माणसाला घरात खायला काय आहे असे विचारले, की त्याच्या मनात आशा निर्माण होतेच, आणि ती पुरी करण्याची ताकद आपल्यापाशी नसेल तर तसे आधी सांगणे हे आपले कर्तव्य आहे.

दुसरी गोष्ट, केवळ विचारू नका, पाहा. पहाटे पाण्याच्या नळावर जाऊन उभे राहा आणि रांगेत किती वेळ जातो ते घड्याळावर मोजा. दिवस मावळल्यावर शौचालयांकडे कोण जाते आणि कोण जात नाही ते पाहा. २० माणसांमागे एक शौचालय हे प्रमाण कागदावर पूर्ण झालेले असते, परंतु आतून कडी नाही, वाटेवर दिवा नाही, म्हणून बायका अंधार पडल्यावर तिकडे फिरकत नाहीत आणि दुपारनंतर पाणी पिणेच कमी करतात. हे प्रश्नावलीतून क्वचितच कळते. पुरुषांसमोर तर मुळीच कळत नाही. म्हणून स्त्रियांशी बोलणाऱ्या स्त्रियाच असाव्यात आणि ते बोलणे वेगळ्या जागी व्हावे. वृद्ध, अपंग आणि एकट्या राहणाऱ्या मुलांकडे तर मुद्दाम वाट वाकडी करून जावे लागते, कारण छावणीचा प्रमुख आपल्याला ज्या घरांत नेतो त्यांत ती नसतात.

भाषेकडे विशेष लक्ष द्या. रोहिंग्यांची बोली चितगावच्या बोलीला जवळची आहे, म्हणून सुरुवातीला अनेक संस्थांनी चितगावी बोलणाऱ्यांनाच दुभाषे म्हणून घेतले. साध्या बोलण्यात ते चालून गेले, पण आजार, शरीर आणि अत्याचार यांविषयीचे शब्द वेगळे निघाले आणि नेमक्या तेथेच चुका झाल्या. दुभाष्यासोबत बसून प्रश्नावलीतील प्रत्येक शब्द आधी उच्चारून पाहा.

मुलांचे वजन घेण्याचा तराजू नसेल, तर दंडाचा घेर मोजण्याची पट्टी पुरेशी आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंड ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण समजावे आणि त्या मुलाला त्याच दिवशी उपचार केंद्राकडे पाठवावे. पाहणी पूर्ण होईपर्यंत नाव वहीत ठेवून देऊ नये. आणि काम संपल्यावर जे आढळले ते त्याच लोकांना परत जाऊन सांगा. ही शेवटची पायरी बहुतेक पाहण्यांत गाळली जाते. आपला गट ती गाळणार नाही, अशी मला आशा आहे.

प्रश्न : निर्वासितांच्या बोटांचे ठसे आणि बुबुळांचे फोटो घेतले जातात, असे वाचले. मदत देण्यासाठी याची खरोखर गरज आहे का? आणि ही माहिती चुकीच्या हाती गेली तर?
— एक वकील

उत्तर : गरज का भासते ते युगांडात दिसले. तेथे निर्वासितांची संख्या फुगवली जात असल्याचे आरोप झाल्यानंतर २०१८ मध्ये बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या आधारे सर्वांची फेरपडताळणी करण्यात आली. आधी सुमारे १४ लाख मानली जाणारी संख्या प्रत्यक्षात सुमारे ११ लाख भरली. नोंदीतल्या त्या नसलेल्या माणसांच्या नावाने येणारा शिधा खऱ्या निर्वासितांच्या तोंडून काढलेला असतो, हे विसरता येत नाही.

तरीही आपली भीती अनाठायी नाही. जून २०२१ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने असा आरोप केला की कॉक्स बाजारमध्ये नोंदणीसाठी गोळा केलेली रोहिंग्यांची माहिती बांगलादेश सरकारमार्फत म्यानमारला देण्यात आली आणि अनेकांना त्याची पुरेशी कल्पना दिलेली नव्हती. उच्चायुक्तालयाने तो आरोप मान्य केला नाही आणि संमती घेतली होती असे सांगितले. मला येथे एक मूलभूत अडचण दिसते. ज्या कार्डावर शिधा मिळणार आहे, त्याच्या अर्जावर 'माहिती देण्यास संमती आहे का' असे विचारले, तर भुकेला माणूस नाही कसे म्हणेल? ज्या राजवटीपासून माणूस पळून आला, तिच्यापर्यंत त्याचे नाव जाण्याची शक्यता असेल, तर तो प्रश्न शिध्याच्या रांगेपासून पूर्णपणे वेगळा, वेगळ्या दिवशी आणि त्याच्या भाषेत विचारला गेला पाहिजे, आणि नकार दिल्याने शिध्यावर काहीही परिणाम होणार नाही, हे त्याला पटले पाहिजे.

प्रश्न : आम्ही मित्रमंडळी जुने कपडे आणि उरलेली औषधे गोळा करून पाठवू इच्छितो. ती कोणाकडे द्यावीत?
— एक वाचक

उत्तर : आपला हेतू चांगला आहे, तरी औषधे कृपया मुळीच पाठवू नका. बोस्नियाच्या युद्धकाळात, १९९२ ते १९९६ दरम्यान, तेथे सुमारे १७,००० टन निरुपयोगी औषधे जमा झाली. मुदत संपलेली, अर्धवट वापरलेली, कोणालाही वाचता न येणाऱ्या भाषेतील. ती साठवायला गोदामे लागली आणि नष्ट करायला पैसा. कपड्यांचेही बहुतांशी तसेच होते. जवळ बाजार चालू असेल, तर पैसे ही सर्वांत उपयुक्त मदत ठरते. जॉर्डन आणि लेबनॉनमध्ये लाखो सीरियन निर्वासितांना बँक कार्डांवर रक्कम दिली गेली आणि भाडे भरायचे, औषध आणायचे की मुलाला वही घ्यायची, हे त्या त्या कुटुंबाने ठरवले. मात्र बाजारात पुरेसा माल आहे का आणि पैसे आल्यावर भाव भडकतील का, याची पाहणी आधी करावीच लागते.

प्रश्न : निर्वासितांना सर्व काही फुकट मिळते आणि शेजारच्या गावातील गरीब बघत राहतात, हा अन्याय नाही का? आणि निधी आटला की काय करतात?
— एक ग्रामपंचायत सदस्य

उत्तर : 'सर्व काही' मिळते हे खरे नाही, पण शेजारच्या गावाकडे पाहिले नाही तर अन्याय होतो, हे अगदी खरे आहे. कॉक्स बाजारमधील उखिया आणि टेकनाफ या उपजिल्ह्यांत निर्वासितांची संख्या स्थानिकांपेक्षा अधिक झाली. सरपणासाठी जंगल तुटले, मजुरीचे दर पडले. म्हणून तेथील मदतीच्या संयुक्त आराखड्यात स्थानिक कुटुंबांनाही धरले गेले आणि स्वयंपाकाचा गॅस छावणीबरोबर आसपासच्या गावांनाही देण्यात आला. त्यामुळे जंगलावरचा भार कमी झाला. युगांडात निर्वासितांना कसण्यासाठी जमिनीचा तुकडा मिळतो आणि त्या भागात येणाऱ्या मदतीतील ठरावीक वाटा स्थानिकांसाठी राखण्याचे धोरण आहे. नव्या दवाखान्यात दोघेही एकाच रांगेत उभे राहतात. गरजांची पाहणी करताना छावणीच्या कुंपणापाशी थांबू नये, असा माझा आग्रह याच कारणासाठी आहे.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक कठीण आहे. २०२३ मध्ये निधी कमी पडल्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रम या संस्थेला रोहिंग्यांचा शिधा माणशी महिन्याला १२ डॉलरवरून मार्चमध्ये १० आणि जूनमध्ये ८ डॉलरवर आणावा लागला. जानेवारी २०२४ मध्ये तो पुन्हा १० करण्यात आला. अशा वेळी दोनच मार्ग असतात : सर्वांचे थोडे थोडे कापायचे, किंवा ज्यांचे भागू शकते त्यांना वगळून अधिक गरजूंना पूर्ण द्यायचे. दुसरा मार्ग न्याय्य वाटतो, पण जेथे निर्वासितांना कामाची परवानगी नाही, तेथे 'ज्यांचे भागू शकते' अशी कुटुंबे फारशी नसतात. गरजू ठरवण्यासाठी आखलेल्या रेषेच्या किंचित वर असलेले कुटुंब वगळले गेले, की ते दोन महिन्यांत रेषेखाली जाते. कपात करावीच लागली, तर तिच्यानंतरच्या आठवड्यांत पाहणी थांबवू नये, उलट वाढवावी : लोक किती वेळा जेवतात, कर्ज कोणाकडून काढतात, मुले शाळा सोडून कामाला जातात का, मुलींची लग्ने लवकर उरकली जातात का, आणि लहान मुलांच्या दंडाचा घेर किती भरतो. हे आकडे देणगीदार देशांसमोर ठेवूनच शिधा परत वाढवण्याची मागणी करता येते, आणि ते गोळा करण्यासाठी लागणारी माणसे व पैसा कपातीच्या यादीत सर्वांत आधी घालू नये, असे मी प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे.